श्रीमंत याकोब आणि गरिबांची घरे

जर्मनीच्या दक्षिण भागात, बव्हेरिया प्रांतात आउग्सबुर्ग हे पुरातन शहर वसलेले आहे. संत उलरिक हे ह्या धर्मप्रांताचे आश्रयदाते संत. शहराच्या जुन्या भागात, उंच भिंतीच्या आड पिवळसर रंगाच्या दुमजली घरांची एक नीटनेटकी वसाहत आहे. तिचे नाव फुगराय. येथील घराचे वर्षभराचे मूळ भाडे आहे ८८ सेंट, म्हणजे एक युरोसुद्धा नाही. त्याशिवाय प्रत्येक रहिवाशाने दररोज तीन प्रार्थना म्हणाव्यात, अशी अट आहे. हा नियम १५२१ सालापासून चालत आला आहे. आजही माणसे राहत असलेली जगातील सर्वांत जुनी सामाजिक गृहवसाहत म्हणून फुगराय ओळखली जाते.

ही वसाहत उभारणारे गृहस्थ ना धर्मगुरू होते, ना संन्यासी. ते होते त्या काळातील युरोपचे सर्वांत धनाढ्य व्यापारी आणि सावकार, याकोब फुगर. इतिहासाने त्यांना 'श्रीमंत याकोब' हीच उपाधी दिली. त्यांचे जीवन सरळ रेषेत मांडता येण्याजोगे नाही. त्यात औदार्य आहे तसाच कठोर हिशेब आहे, श्रद्धा आहे तसाच संपत्तीचा हव्यासही आहे. म्हणूनच ते आपणांस विचार करावयास लावते.

विणकराचा नातू

याकोब ह्यांचे आजोबा हान्स फुगर हे विणकर होते. १३६७ साली ते ग्राबेन ह्या खेड्यातून आउग्सबुर्गला आले. मागावर कापड विणता विणता ते कापडाचा व्यापार करू लागले आणि पुढच्या पिढीने तो वाढवला. याकोब ह्यांचा जन्म ६ मार्च १४५९ रोजी झाला. भावंडे पुष्कळ होती आणि याकोब त्यांतील धाकट्यांपैकी एक. ते दहा वर्षांचे असताना, १४६९ साली, वडिलांचे निधन झाले. आई बार्बरा ह्या कर्तबगार स्त्रीने घर आणि व्यापार दोन्ही सांभाळले.

धाकट्या मुलाने ख्रिस्तसभेची सेवा करावी, अशी कुटुंबाची योजना होती. हेरिडेन येथील चर्चमध्ये त्यांच्या नावे वृत्तीही मिळाली होती. परंतु तरुणपणीच त्यांनी तो मार्ग सोडला व भावांच्या व्यापारात प्रवेश केला. व्हेनिस शहरात जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीत त्यांनी व्यापाराचे धडे घेतले आणि इटालियन हिशेबपद्धती आत्मसात केली. चोख हिशेब हे पुढे त्यांचे आयुष्यभराचे वैशिष्ट्य ठरले.

चांदी, तांबे आणि सिंहासन

टायरॉलचे आर्चड्यूक सिगिसमुंड हे सतत कर्जात बुडालेले असत. फुगर ह्यांनी त्यांना पैसे पुरवले आणि फेडीच्या बदल्यात तेथील खाणींतील चांदी ठरावीक स्वस्त दराने मिळवली. ती बाजारात चढ्या दराने विकली जाई. राज्यकर्त्याला कर्ज द्यावयाचे आणि त्याच्या भूमीतील खनिजावर हक्क मिळवावयाचा, ही त्यांची पद्धत होती. १४९४ पासून त्यांनी थुर्झो कुटुंबाशी भागीदारी करून हंगेरीच्या राज्यातील तांब्याच्या खाणींत हात घातला. १४९८ साली त्यांचा विवाह सिबिला आर्ट्‌स्ट ह्यांच्याशी झाला. त्यांना अपत्य झाले नाही.

ह्या व्यापाराचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो. १५०५ साली पोर्तुगालहून फ्रान्सिस्को द आल्मेदा ह्यांचे जे आरमार हिंदुस्थानकडे निघाले, त्यातील मिरीच्या व्यापारात जर्मन व्यापाऱ्यांनी भांडवल घातले होते व त्यात फुगर ह्यांचाही वाटा होता. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर ते आरमार प्रथम अंजदीव बेटावर थांबले. हे बेट आज गोवा राज्यात मोडते.

रोममध्येही फुगर ह्यांची पेढी होती. उत्तर युरोपातून पोपपीठाकडे जाणारा पैसा तिच्यामार्फत जाई. १५१४ साली ब्रांडेनबुर्गचे आल्ब्रेख्ट हे माइंझचे आर्चबिशप झाले. त्या पदासाठी रोमला द्यावयाची मोठी रक्कम त्यांनी फुगर ह्यांच्याकडून कर्जाऊ घेतली. पुढे जर्मनीत दंडमाफीचा प्रचार करून जो पैसा जमला, त्यातील निम्मा भाग ह्या कर्जाच्या फेडीकडे वळवण्यात आला. १५१७ साली मार्टिन ल्यूथर ह्यांनी ह्याच व्यवहाराविरुद्ध आवाज उठवला. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील ह्या वेदनादायक प्रकरणात फुगर ह्यांच्या पेढीचे नाव कायमचे नोंदले गेले आहे.

व्याज घेणे पाप आहे की नाही, हा त्या काळचा ज्वलंत प्रश्न होता. धर्मपंडित योहान एक ह्यांनी व्यापारी भांडवलावर पाच टक्के परतावा घेणे योग्य आहे, अशी भूमिका मांडली आणि १५१५ साली बोलोन्या येथे त्यावर जाहीर वादविवाद केला. त्यांना फुगर ह्यांचा पाठिंबा होता. १५१९ साली पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून आला. त्या निवडणुकीसाठी सुमारे साडेआठ लाख गुल्डन खर्च झाले आणि त्यांपैकी साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम एकट्या फुगर ह्यांनी उभी केली होती. १५२४-२५ च्या शेतकरी उठावात त्यांचा पैसा शेतकऱ्यांच्या बाजूला नव्हता, तर उठाव मोडून काढणाऱ्या स्वाबियन संघाच्या बाजूला होता.

शहरातील दुसरी बाजू

आउग्सबुर्ग श्रीमंत होत होते, पण सर्वांसाठी नव्हे. शहरात विणकरांची संख्या मोठी होती. मोठे व्यापारी सूत पुरवीत, कापड उचलीत आणि भाव ठरवीत. ज्यांच्याकडे कर लावण्याजोगे काहीच नाही, अशा कुटुंबांची नावे शहराच्या करवहीत पानोपानी होती. घरातला कर्ता आजारी पडला, कापसाचा भाव चढला किंवा धान्य महागले की भाडे थकत असे. भाडे थकले की घर जाई. घर गेले की मागही जाई, कारण विणकराचे घर हीच त्याची कार्यशाळा होती. अशा रीतीने राबणारे कुटुंब पाहता पाहता भिक्षेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राही.

म्हातारे, आजारी व निराधार ह्यांच्यासाठी त्या काळी धर्मशाळा आणि इस्पितळे होती. परंतु हात चालतात, कामाची इच्छा आहे, केवळ मिळकत पुरत नाही, अशा कुटुंबासाठी काहीच व्यवस्था नव्हती. फुगर ह्यांनी नेमकी हीच उणीव हेरली.

फुगरायची उभारणी

१५१४ आणि १५१६ साली त्यांनी शहराच्या याकोब उपनगरात जागा विकत घेतल्या. १५१६ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १५२३ पर्यंत गवंडी थोमास क्रेब्स ह्यांच्या देखरेखीखाली ५२ घरे उभी राहिली. घरे एकाच नकाशाची, ओळीने जोडलेली होती. त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला. प्रत्येक घरात तळमजल्यावर एक व वरच्या मजल्यावर एक कुटुंब राही आणि दोघांनाही रस्त्यावरून स्वतंत्र दरवाजा असे. खालच्या कुटुंबाला परसबाग, तर वरच्याला पोटमाळा मिळे. स्वतःचे दार, स्वतःची चूल आणि स्वतःची चावी ह्यांमुळे गरीब माणसाचा मान राखला गेला. सामायिक दालनात खाटा मांडून हे साधले नसते.

२३ ऑगस्ट १५२१ रोजी फुगर ह्यांनी स्वतःच्या व दिवंगत भावांच्या नावे दानपत्र करून ह्या कार्याला कायमस्वरूपी धर्मादाय संस्थेचे रूप दिले. आउग्सबुर्गचे गरजू, सचोटीने वागणारे कॅथलिक रहिवासी हे लाभार्थी ठरले. भाडे वर्षाला एक ऱ्हेनिश गुल्डन ठरवण्यात आले. मजुराच्या काही आठवड्यांच्या कमाईएवढी ही रक्कम होती. म्हणजे घर अगदी फुकट नव्हते, पण पेलण्याजोगे होते. त्याशिवाय संस्थापक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी रोज 'आमच्या बापा', 'नमो मरिया' आणि विश्वासांगीकार म्हणावा, असे ठरले. दात्याने घर द्यावे आणि घेणाऱ्याने प्रार्थना द्यावी, अशी ही देवाणघेवाण होती. त्यामुळे घेणारा निव्वळ याचक राहिला नाही.

फुगर ह्यांच्या पेढीच्या वहीत संत उलरिक ह्यांच्या नावाचे एक खाते होते. जणू तो संतच पेढीचा भागीदार! धर्मकार्याचा पैसा ह्या खात्यातून खर्च होई. व्यापाऱ्याची शिस्त त्यांनी दानातही सोडली नाही. केवळ इमारत बांधून ते थांबले नाहीत, तर तिच्या डागडुजीसाठी वेगळी ठेव ठेवली.

३० डिसेंबर १५२५ रोजी याकोब फुगर निवर्तले. संत अॅना चर्चमध्ये त्यांनी स्वतः बांधून घेतलेल्या कपेलात त्यांचे दफन झाले. ते चर्च पुढे ल्यूथरपंथीयांचे झाले. अखेरपर्यंत कॅथलिक श्रद्धेला धरून राहिलेला हा माणूस आज प्रोटेस्टंट चर्चमध्ये चिरविश्रांती घेत आहे.

पाच शतकांची वाटचाल

पुतणे आंटोन फुगर ह्यांनी पेढी आणि धर्मादाय कार्य दोन्ही पुढे चालवले. १५८१-८२ मध्ये वसाहतीत संत मार्क ह्यांचे चर्च उभे राहिले. १६३२ साली, तीस वर्षांच्या युद्धात, स्वीडनच्या सैन्याने शहर घेतले आणि रहिवाशांना घरे सोडावी लागली. वसाहत पुन्हा सावरली. त्याच शतकात, १६८१ पासून, फ्रान्झ मोझार्ट नावाचे एक गरीब गवंडी येथे राहत होते. विख्यात संगीतकार मोझार्ट हे त्यांचे पणतू. २५ व २६ फेब्रुवारी १९४४ रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग बेचिराख झाला. त्यानंतर काही दिवसांतच, युद्ध चालू असतानाच, फुगर घराण्याने पुनर्बांधणीचा निर्णय घेतला. आज तेथे ६७ घरांतून सुमारे १४० सदनिका असून दीडशेच्या आसपास लोक राहतात. २०२१ साली वसाहतीने पाचशे वर्षे पूर्ण केली.

हे कसे साध्य झाले? फुगर ह्यांची पेढी केव्हाच लयास गेली. राजांना दिलेली कर्जे बुडाली. परंतु धर्मादाय संस्थेची मालमत्ता प्रामुख्याने जंगलात व स्थावर मालमत्तेत राहिली. वृक्ष वाढतात, लाकूड विकले जाते, त्याच्या जागी नवी लागवड होते. त्या उत्पन्नावर आणि पाहुण्यांच्या प्रवेश शुल्कावर डागडुजी चालते. भाड्याच्या ८८ सेंटांतून तर एक खिडकीसुद्धा दुरुस्त होणार नाही. वीज, पाणी व उष्णतेचा खर्च मात्र रहिवासी स्वतः करतात.

आपण काय शिकावे?

स्वस्त घरांच्या मार्गातील अडचणी पाचशे वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत. जमीन महाग असते. घरे बांधली जातात, पण देखभालीला पैसा उरत नाही. गरजूंसाठी बांधलेली घरे हळूहळू दुसऱ्यांच्या हाती जातात. दाता गेला की कार्य थांबते. फुगरायने ह्या प्रत्येक अडचणीवर उत्तर शोधले. जमीन संस्थेच्या मालकीची राहिली, त्यामुळे घर कुणाला विकता आले नाही. बांधकाम साधे पण मानाचे ठेवले. उत्पन्नाचे साधन आधीच राखून ठेवले. लाभार्थी कोण, हे लिहून ठेवले आणि कारभार पिढ्यान्‌पिढ्या उत्तरदायी मंडळाकडे सोपवला.

तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. सुमारे तीन लाख वस्तीच्या शहराला दीडशे माणसांची वसाहत पुरी पडणार नाही. तिची दारे फक्त कॅथलिकांना उघडी आहेत, तर बेघरपणा धर्म विचारून येत नाही. आणखी एक बोचरा प्रश्न उरतोच. ज्या आर्थिक व्यवस्थेने विणकराला कंगाल केले, तिच्यातूनच फुगर धनवान झाले होते. मग त्यांचे दान हे औदार्य होते की देणे? परमेश्वरच त्याचा न्याय करील. आपल्यासाठी एवढे खरे की, दानधर्म हा न्यायाची जागा घेऊ शकत नाही. पोपपीठाच्या न्याय व शांती आयोगाने १९८७ साली बेघरांच्या प्रश्नावर दस्तऐवज प्रसिद्ध केला. घर ही केवळ बाजारातील वस्तू नव्हे, ती माणसाची मूलभूत गरज आहे, ही त्यातील शिकवण शासनाला आणि समाजाला दोघांनाही लागू पडते.

याकोब फुगर ह्यांनी सम्राटाला सिंहासनावर बसवले. ते साम्राज्य राहिले नाही. त्यांच्या खाणी, वखारी आणि कर्जरोखे गेले. उरली ती गरिबांची घरे. तेथे आजही रोज कुणीतरी त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते. ज्या धर्मग्रामांकडे, संस्थांकडे आणि कुटुंबांकडे थोडीबहुत जमीन किंवा ठेव आहे, त्यांनी आपल्या हिशेबाच्या वहीत संताच्या नावाचे एक पान आहे का, हे एकदा उघडून पाहावे.