भाऊ दाजींचे अपुरे राहिलेले काम

अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे पंडित, बॉम्बे असोसिएशनचे चिटणीस आणि १८६९ व १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले नागरिक म्हणून महाराष्ट्र डॉ. भाऊ दाजी लाड यांना ओळखतो. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव मिळाले. त्वचेवर प्रकटणाऱ्या एका भयंकर रोगाशी झुंजणारे वैद्य ही त्यांची ओळख मात्र मागे पडली.

गोव्यातील मांजरे गावी जन्मलेले भाऊ दाजी मुंबईत वाढले. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते तेथेच शिक्षक झाले. १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा हातची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८५१ साली पहिल्या पदवीधरांत बाहेर पडले. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. संस्कृत ग्रंथांत वर्णिलेल्या वनस्पतींचे गुण रोग्यांवर पडताळून पाहणे हा त्यांचा परिपाठ होता. कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांचे तेल त्यांनी याच वाटेने हाती घेतले. समाजाने टाकलेले रोगी त्यांच्या दारी येऊ लागले.

परंतु या उपचाराचा संपूर्ण वृत्तान्त त्यांनी हयातीत प्रसिद्ध केला नाही. नॉर्वेच्या हॅन्सेनला कुष्ठजंतू दिसला तो १८७३ साली; ३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजी निवर्तले. इतरांना पडताळता येईल असे त्यांचे ज्ञान मागे उरले असते, तर पुढल्या वैद्यांची वाट सुकर झाली असती.

कुष्ठरोगावर खरा इलाज आला तो १९४० च्या दशकात, डॅप्सोन व त्याच्या जातीच्या औषधांनी. विशेष असे की, हीच गोळी पुढे अगदी निराळ्या व्याधींतही उपयोगी ठरली. शरीराची संरक्षक शक्ती उलटून स्वतःच्याच त्वचेवर हल्ला करते, असे हे रोग. त्यांतले काही एकमेकांत मिसळतात. ल्युपसच्या रोग्याला क्वचित मोठे फोड येतात. त्यावर डॅप्सोन बहुधा लवकर गुण देते.

नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या लोणखेड्यात अशा रोग्याच्या अंगावर चट्टे उठले, तर ते कुष्ठाचे की ल्युपसचे, हे नुसत्या डोळ्यांनी नेहमी ठरत नाही. कुष्ठाच्या चट्ट्याची संवेदना बहुधा हरपते. फोडांच्या रोगात त्वचेचा तुकडा काढून तीत प्रतिद्रव्ये कोठे चिकटली आहेत, हे खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. शिवाय जी-सिक्स-पीडी या द्रव्याची रक्तात उणीव असणाऱ्यास डॅप्सोनने रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. सातपुड्याच्या परिसरात सिकलसेलचाही आढळ आहे. रक्त तपासल्यावाचून ही गोळी देणे म्हणजे रोग्याच्या जिवाशी खेळ होय.

योग्य द्रावणात ठेवलेला त्वचेचा नमुना काही दिवस टिकतो. मग रोजगार बुडवून रोग्यानेच मोठ्या शहरी का धावावे? तालुक्याच्या रुग्णालयात नमुना घेतला जावा, तो प्रयोगशाळेत जावा आणि निदान लेखी स्वरूपात गावच्या डॉक्टरपर्यंत परत यावे, अशी व्यवस्था शासनाला अशक्य नाही. गरिबाच्या दारी शास्त्र नेण्याचे भाऊ दाजींचे काम अद्याप अपुरेच आहे.