आयझेनहॉवर यांचे आतड्याचे ऑपरेशन आणि तुमच्या हातात असलेला वेळ

क्रोन्सच्या रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवली की घरात चर्चा सुरू होते ती ऑपरेशनची. खाण्याचा विषय मागे पडतो. अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना तर तो विचार करायला वेळच मिळाला नाही. तुम्हाला बहुधा मिळेल, म्हणून त्यांची हकिकत वाचा.

नाव नसलेले दुखणे

आयझेनहॉवर 1890 मध्ये टेक्सासमधल्या डेनिसन गावी जन्मले. दुसऱ्या महायुद्धात ते युरोपातील दोस्त सैन्याचे सरसेनापती होते आणि 1953 मध्ये अध्यक्ष झाले. पोटदुखी मात्र जुनी होती. 1923 मध्ये अपेंडिक्स काढले, तरी कळा येतच राहिल्या. क्रोन्स आजाराचे वर्णनच 1932 मध्ये प्रसिद्ध झाले. आयझेनहॉवर यांचे निदान झाले मे 1956 मध्ये: लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजून अरुंद झाला होता.

एका रात्रीतला निर्णय

महिनाभरातच, 8 जूनला, आतड्यात अडथळा आला. वय 65, आणि नऊ महिनेही झाले नव्हते हृदयविकाराच्या झटक्याला. डॉक्टर कचरत होते, पण थांबणेही धोक्याचे होते. 9 जूनच्या पहाटे वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात डॉ. लिओनार्ड हीटन यांनी आजारी भाग तसाच ठेवून, त्याला वळसा घालून लहान आतडे मोठ्या आतड्याला जोडले. सुमारे तीन आठवड्यांनी ते घरी गेले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडून आले. फेब्रुवारी 1969 मध्ये आतडी चिकटल्यामुळे पुन्हा अडथळा आला आणि ऑपरेशन करावे लागले. 28 मार्चला हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले.

तुम्ही काय कराल?

क्रोन्समध्ये भूक मंदावते, अन्न नीट शोषले जात नाही आणि कळांच्या भीतीने माणूस कमी खातो. अशा कुपोषित शरीरात ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग होण्याचा आणि आतड्याचा जोड गळण्याचा धोका वाढतो.

शस्त्रक्रिया ठरवून होणार असेल, तर डॉक्टरांना हे विचारा:

- सहा महिन्यांत माझे वजन 10 टक्क्यांहून जास्त घटले आहे का?
- हिमोग्लोबिन, लोह, बी12 आणि ड जीवनसत्त्व तपासायचे का?
- कुपोषण असेल, तर 7 ते 14 दिवस पोषण सुधारून मग ऑपरेशन करता येईल का?

आजार सक्रिय असताना रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 50 किलोच्या व्यक्तीला 60 ते 75 ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. जेवण पुरत नसेल, तर पोषक द्रव आहार तोंडाने किंवा नळीने देतात. तेही जमत नसेल तर शिरेतून. आतडे अरुंद असल्यास चोथायुक्त पदार्थांबाबत आहारतज्ज्ञांना विचारा. मनाने उपास मात्र करू नका.

पोट फुगणे, सतत उलट्या, शौच व वायू बंद होणे ही अडथळ्याची लक्षणे आहेत. तेव्हा घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठा.