टीम ऑर्डर आणि पालवणकर बाळू

रविवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये फॉर्म्युला वन लागलं की आपोआप दोन पार्ट्या पडतात. रेस कंटाळवाणी असेल तर भांडण आणखी रंगतं. मग कोणीतरी २००२ च्या ऑस्ट्रियाच्या रेसचा विषय काढतोच. बॅरिकेलो जवळजवळ पूर्ण रेस पुढे होता. शेवटच्या लॅपला, अगदी फिनिश लाईन दिसत असताना, फेरारीच्या सांगण्यावरून त्याने गाडी हळू केली आणि शूमाकरला पुढे जाऊ दिलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढे दंडही झाला, पण तो पोडियमवरचे नियम मोडल्याबद्दल. २००३ पासून टीम ऑर्डरवर बंदी आली, २०११ पासून ती उठली. म्हणजे आता सगळं राजरोस!

एक पार्टी म्हणते, टीमने गाडी दिली, पगार दिला, मग टीमचं ऐकायलाच हवं. दुसरी म्हणते, जो फास्ट तो पुढे, बाकी सगळं राजकारण. मी बहुतेक वेळा दुसऱ्या पार्टीत असतो. पण गेल्या सेमिस्टरला एका माणसाबद्दल वाचलं आणि वाटलं, की बॅरिकेलोचं काहीच नाही. त्याला निदान कारण तरी सांगितलं होतं.

हा माणूस ड्रायव्हर नव्हता, बोलर होता. पालवणकर बाळू. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. सचिनला आपण सगळे 'तो' म्हणतो, पण यांना 'ते'च म्हणावंसं वाटतं.)

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जात चांभार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे बाळूंचं लहानपण पुण्याच्या कॅम्पात गेलं. गोऱ्या ऑफिसरांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे पारशी लोकांच्या एका क्लबात नोकरी लागली. काम काय, तर ग्राउंड झाडायचं, रोलर ओढायचा. पगार महिन्याला ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. पगार ४ रुपये. काम तेच, शिवाय नेट लावायची आणि पिचवर चुन्याच्या रेघा मारायच्या.

तिथे कोणीतरी त्यांना नेटमध्ये बोलिंग करायला सांगितलं. डाव्या हाताची स्लो स्पिन. ती बघून क्लबचा सगळ्यात चांगला बॅट्समन, कॅप्टन ग्रेग, रोज बाकीच्यांच्या आधी तासभर येऊन बाळूंच्या बोलिंगवर प्रॅक्टिस करू लागला. असं सांगतात, की बाळूंनी आऊट केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे द्यायचा. आपण इंजिनियर आहोत, तर हिशोब करू. पगार ४ रुपये, म्हणजे ६४ आणे. आठवड्याला ग्रेगची एकच विकेट काढली तरी महिन्याला २ रुपये, म्हणजे अर्धा पगार वरचा! इतका चांगला इन्सेन्टिव्ह आपल्या प्लेसमेंट सेललाही सुचणार नाही.

पण गंमत बघा, त्या क्लबात बाळूंनी शेकडो तास बोलिंग केली आणि त्यांना बॅटिंग मात्र कोणी करू दिली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची, नेटिव्हाने बॉल टाकायचा. हीसुद्धा एक टीम ऑर्डरच म्हणायची.

पुण्यात हिंदूंचा वेगळा क्लब होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांच्या बॅट्समनना रोज नेटमध्ये नाचवणारा बोलर शेजारीच आहे, हे त्यांना माहीत होतं. पण त्याला घ्यायचं कसं? क्लबात दोन तट पडले. शेवटी बाळूंना घेतलं. ग्राउंडवर सगळे एकाच बॉलला हात लावायचे. खेळ थांबला की बाकीची टीम पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा प्यायची, आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या बोळक्यात. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी हवं असेल, तर ते अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचं.

मी इथे वाचताना थांबलो. बॉल शिवलेला चालतो, तोही चामड्याचा. कप शिवलेला चालत नाही. याचं लॉजिक मला अजून लागलेलं नाही.

या टीमने पूना युरोपियन्सना हरवलं. मग साताऱ्याला मॅच ठरली. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने म्हणे आठवडाभर पिचवर रोलर फिरवून घेतला, बाळूंचा बॉल वळू नये म्हणून. बाळूंनी तरी ७ विकेट काढल्या. (स्वतः इतकी वर्षं रोलर ओढलेल्या माणसाला रोलरने हरवायचं, म्हणजे कमालच.) पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना जाहीर सभेत हार घातला. टिळकांनीही नंतर त्यांचा सत्कार केला. थोडक्यात, हार घालणारे होते, कप देणारे नव्हते.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले. आधी पलटणीत होते, पुढे रेल्वेत. इथे त्यांना हिंदू जिमखान्याकडून खेळायचं होतं. माझं घर मीरा रोडला. चर्चगेट लोकलने जाताना चर्नी रोड सुटलं की उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला, एकामागून एक जिमखाने दिसतात. हिंदू, पारशी, इस्लाम. इतकी वर्षं ती नावं मी स्टेशनांच्या नावांसारखी वाचत होतो. त्या काळी मुंबईचं क्रिकेटच तसं वाटलेलं होतं. प्रत्येक समाजाची टीम वेगळी, आणि गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना आणखी वेगळा.

हिंदू जिमखान्यातही काही मेंबरांनी बाळूंना विरोध केला. कॅप्टन कीर्तीकरांनी त्यांची समजूत घातली आणि बाळू आत आले. मुंबईत निदान पुढे ते टीमबरोबर एकत्र जेवू लागले. शिवरामही टीममध्ये आले.

१९०६ च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन मॅच झाली. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदू १०९ रन्सनी जिंकले. बाळूंनी ३ आणि ५ अशा ८ विकेट घेतल्या. ते वर्ष लक्षात घ्या. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची चळवळ पेटलेली. राज्यकर्त्यांना त्यांच्याच ग्राउंडवर त्यांच्याच खेळात हरवलं, ते दोन चांभार भावांना बरोबर घेऊन. तेव्हाच्या सुधारकांनी पुण्याला टोमणे मारून घेतले ते उगाच नाही.

मग १९११. पहिल्यांदाच अखिल भारतीय म्हणावी अशी टीम इंग्लंडला गेली. सिलेक्शन कसं? सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान. म्हणजे आधी वाटे आणि मग खेळाडू. कॅप्टन पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. महाराज मोजक्याच मॅचेस खेळले, बाकीचा वेळ लंडनच्या बड्या लोकांत. टीम २३ पैकी १५ मॅचेस हरली. पण त्या हरणाऱ्या टीममध्ये बाळूंनी सगळ्या मॅचेस मिळून ११४ विकेट काढल्या. केंब्रिज युनिव्हर्सिटीविरुद्ध एका इनिंगमध्ये ८. वय ३५, परका देश, परकी हवा, आणि कॅप्टन बहुतेक वेळा गायब! इथे आकडे मी दोनदा तपासले, कारण पहिल्यांदा वाचून खरे वाटेनात.

परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. त्यांच्यासाठी मानपत्र तयार करणारा तरुण तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता. भीमराव आंबेडकर. आपल्यापेक्षा थोडेच मोठे असतील. आपल्या माणसांपैकी एक जण साहेबाच्या देशात जाऊन साहेबाच्या विकेट काढून आलाय, याचं त्या पोराला काय वाटलं असेल, याचा विचार करत मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. (दुसऱ्या दिवशी एम-थ्रीची टेस्ट होती, ती कशी गेली ते विचारू नका.)

आता खरी गोष्ट. १९१२ पासून हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशी चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदू टीममध्ये सगळ्यात अनुभवी आणि इंग्लंड गाजवून आलेला बोलर कोण, हे सांगायला नको. पण कॅप्टन झाले एम. डी. पै. पैंचा मोठेपणा असा, की १९१३ साली आपल्याच सत्काराच्या वेळी त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की हा मान खरं तर बाळूंचा होता. सत्काराला आलेल्यांनी ते ऐकून घेतलं असणार आणि टाळ्याही वाजवल्या असणार. पण सिलेक्शन कमिटीने पुढच्या वर्षीही तेच केलं, आणि त्याच्या पुढच्याही. आता तर टीममध्ये एक नाही, चार पालवणकर होते. बाळू, शिवराम, गणपत आणि सगळ्यात चांगली बॅटिंग करणारा विठ्ठल. तरीही कॅप्टन दुसरा कोणीतरी.

१९२० साली कळस झाला. पै आजारी पडले, पहिल्या मॅचला कॅप्टन हवा होता. कमिटीने बाळूंना टीममधूनच वगळलं आणि कॅप्टन केलं दि. ब. देवधरांना. देवधर म्हणजे तेच, ज्यांच्या नावाने देवधर ट्रॉफी आहे. खेळाडू मोठेच होते, त्यांचा यात दोष आहे असं मला म्हणायचं नाही. पण शिवराम आणि विठ्ठल त्यांना सीनियर होते. दोघा भावांनी पत्रक काढलं, की जातीमुळे आम्हाला डावललं जातंय, आणि टीममधून नाव काढून घेतलं.

बॅरिकेलोने ब्रेक दाबला. या दोघांनी गाडी थेट बाजूला लावली. चौरंगीसारखी स्पर्धा, वर्षातून एकदाच येणारी, तीवर पाणी सोडायचं म्हणजे खायचं काम नाही.

त्यावेळी गांधीजींनी अस्पृश्यतेचा प्रश्न काँग्रेसपुढे ठेवलेला होता, त्यामुळे लोकमत भावांच्या बाजूने गेलं. फायनल पारशांशी होती. पै बरे होऊन आले, भावांना परत बोलावलं, आणि बाळूंना व्हाइस-कॅप्टन केलं. त्या मॅचमध्ये पै काही वेळ मुद्दाम ग्राउंडबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ बाळू कॅप्टन! ४४ व्या वर्षी, कोणाच्या तरी चांगुलपणामुळे मिळालेला. मला पै आवडले, पण ही गोष्ट वाचताना आनंद झाला असं नाही म्हणता येणार.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदूंचे कॅप्टन झाले. पूर्ण कॅप्टन, उधारीवर नाही. फायनलमध्ये त्यांनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. खांदा देणाऱ्यांत सवर्ण भरपूर होते. तोवर बाळूंचा खेळ संपलेला होता. फर्स्ट क्लास मॅचेस ३३, विकेट १७९, अॅव्हरेज १५ च्या आसपास. बोलिंगमध्ये अॅव्हरेज जितकं कमी तितकं चांगलं, हे क्रिकेट न बघणाऱ्या स्टाफसाठी सांगतो.

यानंतरची गोष्ट सांगायला जरा अवघड आहे, पण गाळली तर अर्धवट होईल. बाळू राजकारणात आले, तेही आंबेडकरांच्या बाजूने नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि गांधीजींचं उपोषण सुटावं म्हणून आंबेडकरांचं मन वळवायला गेलेल्यांत ते होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. ज्याने मानपत्र दिलं त्याच्याच विरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. इथेही त्यांना कोणीतरी टीमच्या गरजेसाठी वापरलं का? आमच्या रूमवर यावरून दोन रात्री भांडण झालं. माझा रूममेट म्हणतो, वापरलं. मला वाटतं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कमिट्यांनी त्यांच्याबद्दल ठरवलं, निदान हा निर्णय तरी त्यांचा स्वतःचा होता असं मानू. गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती, त्यात नाटक नव्हतं.

१९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत बाळू वारले. 'लगान' मधला कचरा त्यांच्यावरूनच सुचला असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कचराला भुवन एका भाषणात टीममध्ये घेतो आणि विषय संपतो. इथे तेवीस-चोवीस वर्षं गेली आणि तरीही तो कॅप्टन झाला नाही.

विठ्ठल यांनी १९४८ साली मराठीत आत्मचरित्र लिहिलं, 'माझे क्रीडा-जीवन'. आपल्या लायब्ररीत मोटरस्पोर्टची चार गुळगुळीत मासिकं येतात. ग्रंथपाल सर हे वाचत असतील तर त्यांना विनंती, की त्यातलं एक बंद झालं तरी चालेल, पण हे पुस्तक कुठून तरी मिळवा. पहिलं नाव माझं लिहून ठेवा, दुसरं रूममेटचं. भांडण अजून मिटलेलं नाही.