लोकनायक बापूजी अणे : आपल्या शेजारच्या वणीचा थोर माणूस



थोर व्यक्तीची भेट या विषयावर निबंध लिहायला दिला की बहुतेक वह्यांमध्ये त्या व्यक्तीला हार घातला जातो, पाया पडलं जातं आणि निबंध संपतो. भेटीनंतर पुढे काय झालं, हे फार कमी जण लिहितात. एखाद्या मोठ्या माणसाचा सहवास लाभला तर त्याचं पुढे काय करायचं असतं? हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. वणी आपल्या झरी जामणीचा शेजारचा तालुका. तिथल्याच एका माणसाचं चरित्र आज पाहू.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. लोक त्यांना बापूजी म्हणत. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते शिकले. त्यानंतर काही वर्षं ते अमरावतीच्या काशीबाई हायस्कूलमध्ये शिक्षक होते. म्हणजे आधी गुरुजी, मग वकील! वकिलीची परीक्षा पास होऊन १९०८ च्या सुमारास त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली.

याच काळात ते लोकमान्य टिळकांच्या विचारांकडे ओढले गेले. टिळक मंडालेच्या तुरुंगातून १९१४ मध्ये सुटून आले. १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग सुरू केली, तेव्हा आपल्या भागात तिचं काम करणाऱ्यांत बापूजी पुढे होते. यवतमाळहून त्यांनी 'लोकमत' नावाचं साप्ताहिक काढलं. हे नाव टिळकांनीच दिलेलं. आज घरोघरी येणाऱ्या पेपरचं नाव तेच आहे.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. पुढचं नेतृत्व महात्मा गांधींकडे आलं. टिळकांच्या तालमीत तयार झालेल्या बापूजींना गांधीजींचा प्रत्येक मार्ग पटत नव्हता. पण १९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला, तेव्हा बापूजी घरी बसले नाहीत. आपल्या विदर्भात समुद्र कुठे आहे? इथे जंगल आहे. गुराढोरांसाठी चार पेंढ्या गवत कापायचं तरी जंगल कायदा आडवा येई. म्हणून जुलै १९३० मध्ये बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापलं आणि कायदा मोडला. त्यांना तुरुंगात जावं लागलं. हाच तो जंगल सत्याग्रह. मुलांनो, हातात विळा घेतलेला तो माणूस नामांकित वकील होता, हे लक्षात ठेवा.

१९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पण पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद झाले. तेव्हा त्यांनी पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासोबत काँग्रेस नॅशनॅलिस्ट पार्टी स्थापन केली. १९४१ मध्ये तर ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्या वेळी काँग्रेस सरकारविरुद्ध सत्याग्रह करत होती. त्यामुळे हे अनेकांना आवडलं नाही.

आणि मग फेब्रुवारी १९४३ आला. पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. त्यांची प्रकृती ढासळू लागली, तरी सरकार त्यांना सोडेना. बापूजींनी एवढ्या मोठ्या पदाचा राजीनामा दिला. होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांनीही त्यांच्यासोबत पद सोडलं. ज्यांच्याशी आपले वाद झाले, त्यांचा जीव धोक्यात असताना खुर्चीवर बसून राहणं त्यांना जमलं नाही. मला हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो. मतभेद आपल्या जागी आणि आदर आपल्या जागी, हे ते जगून दाखवत होते.

पुढे ते सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, भारताचे प्रतिनिधी होते. संविधान सभेचे ते सदस्य होते. १९४८ ते १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल झाले. १९६२ मध्ये नागपूरमधून ते लोकसभेवर निवडून गेले. वेगळ्या विदर्भाची बाजूही त्यांनी मांडली.

इतकं सगळं झाल्यावर माणूस आराम करतो. बापूजींनी मात्र उतारवयात टिळकांच्या जीवनावर संस्कृतमध्ये हजारो श्लोकांचं महाकाव्य लिहिलं. त्याचं नाव 'तिलकयशोर्णव'. टिळकांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यांचं देणं बापूजी विसरले नव्हते. २६ जानेवारी १९६८ रोजी बापूजींचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं. महाकाव्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण तो पाहायला ते नव्हते.

आता तुमचा अभ्यास. तुम्हाला आवडणाऱ्या एका व्यक्तीबद्दल दहा ओळी लिहा. ती व्यक्ती किती मोठी आहे हे दोनच ओळींत सांगा. तिच्यामुळे तुम्ही रोज कोणतं काम करणार आहात, ते उरलेल्या आठ ओळींत लिहा. तिची एखादी गोष्ट पटत नसेल तर तेही मोकळेपणानं लिहा. त्यानं आदर कमी होत नाही.