डॉ. मारिया माँटेसरी : बालशाळेपूर्वीचे कार्य

बालशाळेमुळे डॉ. मारिया माँटेसरी यांचे नाव आपल्या घरोघरी पोहोचले आहे. परंतु त्या कार्याचा उगम थोड्यांनाच ठाऊक असेल. १८७० साली इटलीत जन्मलेल्या या विदुषींनी १८९६ मध्ये रोम येथे वैद्यकीय पदवी संपादन केली. तेथील वेड्यांच्या इस्पितळांत, ज्यांची बुद्धी मंद गतीने वाढते अशी बालके डांबलेली त्यांनी पाहिली. या मुलांस औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, असे त्यांनी १८९८ साली तुरीनच्या शिक्षण परिषदेत निर्भयपणे प्रतिपादिले. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी निघालेल्या शाळेची धुरा त्यांनी सहकाऱ्यासह वाहिली. इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांची साधने हाती घेऊन त्या दिवसभर मुलांत रमत. त्यांतील काही मुले सामान्य शाळांच्या परीक्षेत उतरली, तेव्हा लोक थक्क झाले. बाईंना मात्र सामान्य मुलांच्या शिक्षणाचीच चिंता वाटू लागली. त्या विचारातूनच १९०७ चे पहिले बालगृह उभे राहिले. १९३९ साली त्या भारतात आल्या. १९५२ मध्ये हॉलंडात निवर्तल्या.

ज्ञातिबांधवहो, आपल्या कोणाच्या घरी असे मूल असेल, तर त्यास माजघरात लपवू नये. त्यास शाळेत धाडावे आणि कार्यप्रसंगी आपल्या शेजारी पंगतीस बसवावे. त्या थोर मातेचे तेच खरे स्मरण होय.