छातीतले आवाज ऐकणारे डॉक्टर : रेने लाएनेक

शाळेत आरोग्य-तपासणी असते तेव्हा डॉक्टर काय करतात? स्टेथोस्कोप कानाला लावतात, त्याची थंडगार चकती आपल्या छातीवर ठेवतात आणि मोठा श्वास घ्यायला सांगतात. सुई नाही, रक्त नाही, दुखणे तर नाहीच. बालवाडीतली मुलेसुद्धा या तपासणीला घाबरत नाहीत. पण १८१६ सालापूर्वी जगातल्या कोणत्याही डॉक्टरकडे हे साधन नव्हते. ते ज्यांनी शोधले त्यांची ही हकिगत.

रेने लाएनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातील केंपेर या गावी झाला. रेने पाच वर्षांचा असतानाच आई वारली. वडील वकील होते, कविता करीत, पण त्यांचे घराकडे आणि पैशाकडे फारसे लक्ष नसे. मुलांना सांभाळणे त्यांना जमेना. म्हणून रेने आधी धर्मगुरू असलेल्या चुलत आजोबांकडे आणि १७८८ मध्ये नांत शहरी काकांकडे राहायला गेला. गिओम काका डॉक्टर होते, आणि रेनेला खऱ्या अर्थाने त्यांनीच वाढवले.

पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९३-९४ मध्ये नांतमध्ये भयंकर रक्तपात झाला. गिलोटिनखाली रोज माणसे मारली जात होती, आणि शहरातली इस्पितळे जखमी आणि आजारी माणसांनी भरून गेली होती. अशा दिवसांत, १७९५ मध्ये, चौदा वर्षांचा रेने काकांच्या हाताखाली इस्पितळात काम शिकू लागला. आपल्याकडे या वयात मुले आठवी-नववीत असतात! मुलाने डॉक्टर व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते. मधल्या काळात रेनेने ग्रीक भाषेचा अभ्यास केला आणि तो फ्लूट वाजवायला शिकला. या दोन्ही गोष्टींचा त्याला पुढे उपयोग झाला असे म्हणायला हरकत नाही.

१८०१ मध्ये ते पॅरिसला आले. तेथे त्यांना कोर्विझार हे गुरू लाभले. पुढे नेपोलियनचे डॉक्टर झाले ते हेच. १८०३ मध्ये लाएनेक यांनी वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिले बक्षीस मिळवले आणि १८०४ मध्ये ते डॉक्टर झाले.

त्या काळी डॉक्टर रोग ओळखत तरी कसे? एक्स-रे १८९५ साली आला. रक्ताची तपासणी, कार्डिओग्राम, सोनोग्राफी हे सगळे तर फारच पुढचे. डॉक्टर रुग्णाला प्रश्न विचारत, नाडी बघत, जीभ बघत. छातीच्या आत काय चालले आहे हे कळण्याचा एक मार्ग होता, तो म्हणजे बोटांनी छाती ठोकून पाहणे. हा शोध व्हिएन्नातील औएनब्रुगर या डॉक्टरांचा. ते एका खाणावळवाल्याचे पुत्र होते. पिंपात दारू किती उरली हे वडील पिंपावर टिचक्या मारून ओळखत, ते पाहून त्यांना ही युक्ती सुचली असे सांगतात. पोकळ जागी आवाज घुमतो आणि भरलेल्या जागी बद्द येतो. त्यांचे पुस्तक १७६१ मध्ये निघाले, पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. कोर्विझार यांनी ते १८०८ मध्ये फ्रेंचमध्ये आणले, तेव्हा कुठे ती पद्धत रूढ झाली. दुसरा मार्ग म्हणजे थेट छातीला कान लावणे. ते रुग्णालाही नकोसे वाटे आणि डॉक्टरलाही, आणि ऐकूही नीट येत नसे. त्यामुळे छातीचा नेमका रोग पुष्कळदा रुग्ण दगावल्यानंतर शवविच्छेदनातच कळे.

१८१६ मध्ये लाएनेक पॅरिसच्या नेकेर इस्पितळात डॉक्टर म्हणून नेमले गेले. त्याच वर्षी त्यांच्याकडे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. ती लठ्ठ होती, त्यामुळे छाती ठोकून काही कळेना. तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे तर सभ्यपणाला धरून नव्हते. अशा वेळी त्यांना ध्वनिशास्त्रातली एक साधी गोष्ट आठवली. लांब लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने ओरखडा काढला, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो स्पष्ट ऐकू येतो. (पॅरिसमध्ये मुलांना असा खेळ खेळताना त्यांनी पाहिले होते, ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती नंतर त्यांच्या मित्राने सांगितलेली आहे. लाएनेक यांनी स्वतः फक्त वाशाचा उल्लेख केला आहे.) त्यांनी कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक त्या स्त्रीच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. नुसत्या कानाने कधीच ऐकू आले नव्हते इतके स्पष्ट हृदयाचे ठोके त्यांना ऐकू आले.

एका रुग्णाचा संकोच राखायचा, एवढ्यासाठी केलेली ही खटपट होती. हे मला त्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

मग लाएनेक यांनी निरनिराळे पदार्थ वापरून पाहिले आणि अखेर हलके लाकूड पसंत केले. लाकूडकामाची त्यांना आवड होती, आणि नळ्या ते स्वतः चरकावर कातीत. नळी सुमारे ३० सेंटीमीटर लांब होती. तिला आरपार बारीक भोक होते, आणि खिशात मावावी म्हणून तिचे दोन तुकडे वेगळे करता येत. नाव त्यांनी ग्रीकमधून घेतले. स्तेथोस म्हणजे छाती आणि स्कोपेइन म्हणजे पाहणे. ऐकण्याच्या साधनाला पाहण्याचे नाव! पण हेतू तोच होता : आतले न कापता पाहायचे.

नळी करणे सोपे होते. खरे काम पुढेच होते. ऐकू येणाऱ्या आवाजांचा अर्थ सांगणारे एकही पुस्तक नव्हते. लाएनेक रुग्णाची छाती ऐकत आणि आवाज टिपून ठेवत. रुग्ण वाचला नाही तर शवविच्छेदन करून तो आवाज कशाचा होता ते तपासत. तीन वर्षे त्यांनी हे केले. न्यूमोनियाच्या सुरुवातीला तापल्या भांड्यात मीठ तडतडावे तसा आवाज येतो. फुप्फुसाभोवती पाणी साठले तर रुग्णाचे बोलणे बकरीच्या बेंबें करण्यासारखे ऐकू येते. काही रुग्ण बोलू लागले की त्यांचे शब्द छातीतून थेट नळीत शिरल्यासारखे वाटत. याचा अर्थ फुप्फुसाला क्षयाने पोकळी पडलेली असे. त्या काळी हा आवाज म्हणजे जवळजवळ मृत्यूची वर्दीच होती, कारण क्षयावर औषध नव्हते.

इथेच लाएनेक यांची खरी अडचण होती. रोग आता नेमका कळत होता, पण बरा करता येत नव्हता. मग कळून उपयोग काय, असे विचारणारे तेव्हाही होते. लाएनेक ऐकत राहिले, आणि बोलताना जपून राहिले. छातीतल्या घरघरीला फ्रेंचमध्ये जो शब्द होता, तोच लोक मरणाच्या वेळच्या घरघरीलाही वापरत. तो ऐकून रुग्ण घाबरतील म्हणून त्यांच्यासमोर ते लॅटिन शब्द वापरत.

१८१९ मध्ये त्यांचे पुस्तक दोन खंडांत प्रसिद्ध झाले. थोडे पैसे जास्त दिले की पुस्तकाबरोबर नळीही मिळे. इंग्लंडमध्ये जॉन फोर्ब्स यांनी १८२१ मध्ये त्याचा अनुवाद केला, पण अशी नळी डॉक्टरमंडळींत सर्रास वापरली जाईल याबद्दल त्यांना स्वतःलाच शंका वाटत होती. तिकडे देशोदेशीचे विद्यार्थी मात्र लाएनेक यांच्यामागे वॉर्डातून फिरू लागले. त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. हृदयाच्या दुसऱ्या ठोक्याचे कारण त्यांनी चुकीचे सांगितले. क्षय सहसा एकापासून दुसऱ्याला होत नाही असेही त्यांना वाटे. आणि हेच लाएनेक क्षयाने मेलेल्यांची शरीरे वर्षानुवर्षे उघड्या हातांनी तपासत होते. एकदा करवत लागून बोटाला जखम झाली, त्या जागी क्षयाची गाठ आली, आणि तिचेही वर्णन त्यांनी लिहून ठेवले.

प्रकृतीने ते पहिल्यापासून किडकिडीत होते, दम्याचा त्रास होताच. पुस्तक संपताच ते इतके थकले की ब्रिटनीतल्या समुद्राजवळच्या आपल्या घरी जाऊन राहिले. बरे वाटल्यावर १८२१ मध्ये ते पॅरिसला परतले, आणि तेथे प्राध्यापक झाले. १८२४ मध्ये त्यांनी लग्न केले. पण सुखाचे दिवस थोडेच होते.

१८२६ च्या सुरुवातीपासून ताप आणि खोकला हटेना. त्याही स्थितीत त्यांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती पुरी केली. त्या वसंतात लाएनेक घराण्यातल्याच मेरियादेक या तरुण डॉक्टरने त्यांची छाती स्टेथोस्कोपने तपासली. काय ऐकू आले ते त्याने सांगितले, आणि त्याचा अर्थ लाएनेक यांच्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार? हे सगळे आवाज त्यांनीच ओळखून लिहून ठेवले होते. मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी पॅरिस सोडले. मृत्युपत्रात स्टेथोस्कोप मेरियादेकच्या नावे केला. शेवटच्या दिवशी त्यांनी बोटांतल्या अंगठ्या स्वतःच काढून ठेवल्या, म्हणजे ते काम नंतर दुसऱ्या कोणाला करावे लागू नये. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते क्षयाने वारले.

दोन्ही कानांना लावायचा स्टेथोस्कोप १८५० नंतर आला. १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी तो दंडाला पट्टा बांधून कोपरापाशी लावला, आणि आजची रक्तदाबाची तपासणी सुरू झाली. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला, आणि स्ट्रेप्टोमायसीन हे पहिले खरे औषध १९४३ मध्ये सापडले. आज क्षयाचे निदान थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे यांवरून होते. साध्या क्षयाला साधारण सहा महिने न चुकता औषध घेतले की रुग्ण बरा होतो, आणि आपल्या देशात हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

केंपेर गावात १८६८ मध्ये लाएनेक यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांची समाधी मात्र तेथून जवळच्या प्लोआरे गावी आहे.