ऑनॉरे दोम्ये : राजाकडून माणसाकडे

फ्रेंच व्यंगचित्रकार ऑनॉरे दोम्ये याचा जन्म १८०८ साली मार्सेय येथे झाला. वडील खिडक्यांना काचा बसवीत. कवी होण्याच्या आकांक्षेने ते पॅरिसला आले. घरच्या ओढगस्तीमुळे दोम्येला लहान वयातच बेलिफाच्या कचेरीत हरकाम्या म्हणून राहावे लागले. पुढे त्याने शिळामुद्रणाचे तंत्र आत्मसात केले. राजा लुई फिलिप प्रजेचे धन गिळीत असल्याचे दाखविणाऱ्या १८३१ मधील ‘गार्गांत्युआ’ या चित्राबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली.

१८३४ मध्ये पॅरिसमधील त्रान्सनोनँ रस्त्यावरील एका घरात सैनिकांनी रहिवाशांची हत्या केली. दोम्येने पलंगालगत कोसळलेला मृत माणूस आणि त्याच्या देहाखाली दडपलेले मूल रेखाटले. या चित्रात अतिशयोक्ती नाही, हास्यही नाही.

१८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्र पूर्वतपासणीच्या कचाट्यात सापडले आणि दोम्ये वकील, घरमालक, पतिपत्नी यांच्याकडे वळला. यास माघार म्हणणे योग्य ठरणार नाही. राजाला हसणारा वाचक स्वतः सुरक्षित असतो. शेजाऱ्याच्या चित्रात मात्र त्याला आपलाच चेहरा भेटतो. बालपणी जवळून पाहिलेले न्यायालयीन जग दोम्येच्या चित्रांत पुन्हा अवतरले, ते याच जाणिवेसह.

सुमारे चार हजार शिलाचित्रे काढणाऱ्या या कलावंताची दृष्टी उतारवयात अधू झाली. १८७८ मध्ये पॅरिसला त्याच्या रंगचित्रांचे प्रदर्शन भरले. पुढच्याच वर्षी तो निवर्तला. व्यंग म्हणजे केवळ उपहास, हे आपल्या समीक्षेतील रूढ समीकरण दोम्येच्या चरित्रापुढे अपुरे पडते.